ओहोळाकाठचा विनापरवाना मुक्काम

चौतीस वर्षे महसूल खात्यात कारकुनी करून जो मनुष्य अव्वल कारकून या हुद्द्यावरून सेवानिवृत्त झाला, आणि ज्याने एवढ्या नोकरीत घराबाहेर अंथरूण टाकले ते केवळ निवडणुकीच्या कामावर, कुठल्यातरी शाळेच्या दोन बाकांवर, त्याने वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ऐन वैशाखात, रानातल्या एका ओहोळाकाठी, कापडाच्या घुमटाखाली रात्र काढावी, हा योग पंचांगात नव्हता आणि आमच्या सौभाग्यवतींच्या मते माझ्या पत्रिकेतही नव्हता. तो जुळवून आणला कॅलिफोर्नियाहून तीन आठवड्यांच्या रजेवर आलेल्या माझ्या पुतण्याने.

हा मुलगा तिकडे दर उन्हाळ्यात सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व उतारावर, बिशप क्रीक नावाच्या ओढ्याकाठी तंबू ठोकून राहतो. त्या ओढ्याच्या पायथ्याशी ओवेन्सचे खोरे आहे. ते उंचावरचे वाळवंट असून तिथे वर्षभरात जेमतेम पाच इंच पाऊस पडतो. एवढा पाऊस आमच्या पनवेलला आषाढातल्या एखाद्या दिवशी कपडे वाळत घालताना पडतो. पण पर्वतावरचे बर्फ वितळून ओढा मात्र उन्हाळाभर खळाळत असतो आणि त्याच्या काठी सरकारने मुक्कामाच्या जागा आखून दिल्या आहेत. प्रत्येक जागेला नंबराचा खुंट, एक मेज, आगटीसाठी लोखंडी कडे, आणि अस्वलांनी शिधा पळवू नये म्हणून पोलादी पेटी. इथवर मी शांतपणे ऐकून घेतले. परंतु भाडे कोणाकडे भरायचे असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला की, तिथे एक पोकळ लोखंडी खांब असतो, पैसे पाकिटात घालून त्या खांबाच्या फटीत टाकायचे आणि पाकिटाची कड आपणच फाडून पावती म्हणून ठेवायची. कारकुनावाचून भरणा! चलन नाही, रोजकीर्द नाही, "साहेब जेवायला गेले आहेत" हे वाक्य नाही. त्या रात्री मला नीट झोप आली नाही.

"काका, आपल्याकडे असा ओढा नाहीच का?" या त्याच्या प्रश्नाने मात्र माझा तालुकाभिमान जागा झाला. ज्या तालुक्याचे नकाशे मी आयुष्यभर गुंडाळले आणि उलगडले, त्याला ओढा नाही? माथेरानच्या पश्चिम कड्याखाली धोदाणी म्हणून गाव आहे, तिथल्या ओहोळांचे पाणी गाढी नदीला मिळते आणि तीच गाढी पुढे आमच्या पनवेलवरून खाडीला जाते, अशी सगळी हकीगत मी त्याला तोंडपाठ सांगितली. ती जागा मी स्वतः डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती, ही बाब मला त्या वेळी नमूद करण्याजोगी वाटली नाही.

पुढचे दोन दिवस रसदीच्या तजविजीत गेले. पुतण्याच्या मते मुक्कामाला डबाबंद घेवडा आणि पाव पुरतो. सौ.ने घेवड्याचे तत्त्व मान्य केले, पण अंमलबजावणी आपल्या पद्धतीने केली. म्हणजे कडवे वाल भिजत घातले, फडक्यात बांधून त्यांना मोड आणले आणि निघण्याच्या दिवशी पहाटे ते एकेक करून सोलले. शिवाय तांदूळ, कोकम, गूळ, नारळ, खवणी, विळी, पाट आणि "रानात काय मिळेल सांगता येत नाही" या सबबीवर लोणच्याची बरणी. पाट कशाला, असे पुतण्याने विचारले. "काका जमिनीवर जेवत नाहीत," हे उत्तर मिळाल्यावर त्याने पुढची उलटतपासणी सोडून दिली. सर्वांत शेवटी, घरच्या नळाचे पाणी उकळून, गाळून, निववून वीस-वीस लिटरचे दोन जार भरण्यात आले, आणि हा सगळा लवाजमा एका मिनिडोरमध्ये चढवून आम्ही प्रस्थान ठेवले.

नेरे गाव मागे पडून मालडुंग्याची वाट लागली की डावी-उजवीकडचे डोंगर हळूहळू जवळ सरकू लागतात. एका अंगाला प्रबळगड, समोर माथेरानची लांबलचक भिंत. प्रबळगडाचे जुने नाव मुरंजन. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या तेवीस किल्ल्यांत याचाही समावेश होता. पुढे 1827 च्या सुमारास उमाजी नाईकांनी आपल्या रामोश्यांसह याच गडाचा आसरा घेतला होता. सरकार मागावर असताना शेकडो माणसांचा तळ या डोंगरावर राहिला, आणि त्यांच्याजवळ पाट नव्हता, हे मी सौ.च्या नजरेस आणून दिले. तिने ते ऐकले नाही.

वाटेत देहरंगचे धरण लागते. पनवेलची नगरपालिका 1852 सालची, आणि स्वतःच्या मालकीचे धरण बाळगण्याइतकी पूर्वापार खानदानी. ते धरण हेच, गाढीवरचे. वैशाखात त्याचे पोट खपाटीला गेलेले, कडेच्या चिखलाला भेगा पडलेल्या आणि त्या भेगाळ जमिनीवर म्हशी उभ्या. आता शहर एवढे फुगले आहे की या धरणाने भागत नाही, बाहेरूनही पाणी घ्यावे लागते. ते पाहून पुतण्या म्हणाला, "काका, आमच्या ओवेन्सच्या खोऱ्याचंही हेच झालं." 1913 साली लॉस एंजेलिस शहराने त्या खोऱ्यातले पाणी दोनशे तेहतीस मैल लांबीच्या कालव्याने आपल्याकडे नेले आणि खालचे शेतकरी वर्षानुवर्षे भांडत राहिले. मला त्या अपरिचित शेतकऱ्यांविषयी एकाएकी आपुलकी वाटली. त्यांचे अर्ज कोणत्या कारकुनाने नोंदवले असतील आणि कोणत्या गठ्ठ्यात बांधून ठेवले असतील, याची मला घरबसल्या कल्पना करता येत होती.

धोदाणीच्या अलीकडे मिनिडोर थांबली. सामान उतरवून, आंब्याच्या दोन झाडांमधून खाली उतरून आम्ही ओहोळाकाठी पोहोचलो.

ओहोळ होता. त्याला दोन काठ होते, मध्ये गोटे होते, गोट्यांवर गेल्या श्रावणातल्या पाण्याच्या खुणा होत्या. एका पाण्याखेरीज ओहोळाला जे जे लागते ते सर्व तिथे होते. पुतण्या बराच वेळ गोट्यांकडे पाहत उभा राहिला. बर्फावर वाहणारा ओढा उन्हाळ्यात भरतो आणि पावसावर वाहणारा ओढा उन्हाळ्यात आटतो, एवढी साधी गोष्ट कॅलिफोर्नियात एक पगार आणि पनवेलीत एक निवृत्तिवेतन खाणाऱ्या दोन सुशिक्षित माणसांच्या ध्यानात आली नव्हती.

तरीही मुक्काम तिथेच करायचे ठरले, कारण मिनिडोर निघून गेली होती. तंबू ठोकण्यापूर्वी मी जागेच्या मालकीहक्काचा प्रश्न उपस्थित केला. नदी-नाल्याचे पात्र सरकारी, त्यात तंबू ठोकणे हे सकृद्दर्शनी अतिक्रमण. काठावरची जमीन खाजगी, तिथे मालकाच्या संमतीवाचून ठोकणे ही आगळीक. तेव्हा पात्र आणि शेत यांच्या मधला जो उंचवटा कोणाच्याच लागवडीखाली दिसत नाही, तो पोटखराबा समजून वापरावा, असा तोंडी निर्णय मी दिला. त्या उंचवट्यावर एक सपाट, गुळगुळीत, गवत नसलेला, तंबूच्या मापाचा पट्टा आयताच मिळाला. असा पट्टा डोंगरात आपोआप कसा तयार होतो, हा विचार माझ्या मनात यायला हवा होता.

तंबू मोठा सुबक होता. पिशवीतून निघाला तो पंचासारखा, आणि दोन काठ्या घातल्याबरोबर मशिदीच्या घुमटासारखा उभा राहिला. परंतु त्याच्या खुंट्या अॅल्युमिनियमच्या, आणि खाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचा झालेला काळा पाषाण. पहिली खुंटी प्रश्नचिन्हासारखी वाकली, दुसरीने पहिलीचा कित्ता गिरवला. शेवटी चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवून तंबूला जागेवर बसवले आणि घामाने निथळत आम्ही पाटावर आळीपाळीने बसलो.

एवढ्यात एक ठाकर म्हातारी, डोक्यावर हंडा घेऊन, आमच्याकडे न पाहता सरळ कोरड्या पात्रात उतरली. दोन मोठ्या गोट्यांच्या सावलीत बसली आणि नारळाच्या करवंटीने वाळू उकरू लागली. हातभर खोल गेल्यावर वाळूचा रंग गडद झाला. मग तळाशी गढूळ पाणी जमले, ते तिने करवंटीने उपसून बाहेर फेकले; पुन्हा जमले, पुन्हा फेकले; चौथ्यांदा जे जमले त्यात तिचा चेहरा दिसू लागला. या खड्ड्याला इकडे डवरा म्हणतात. हंड्याच्या तोंडावर पदराचे शेव धरून एकेक करवंटी ती सावकाश ओतत होती. डवरा रिता झाला की हात गुडघ्यांवर ठेवून स्वस्थ बसायची. पाणी पुन्हा वर येईपर्यंत तिला कसलीही घाई नव्हती. अर्ध्या हंड्याला पाऊण तास लागला. मी घड्याळ लावून पाहिले, कारण दुसऱ्याच्या कामाचे मोजमाप घेणे हीच माझी हयातभराची नोकरी.

"आजी, ओहोळ तर सुकलाय," पुतण्या म्हणाला.

"सुकतोय कशाला," म्हातारी म्हणाली, "पानी हाय की खाली. वरती ऊन लागतं ना त्याला."

तिने मग आमच्या दोन जारांकडे पाहिले, ते कुठून आणले म्हणून विचारले, आणि पनवेलहून असे कळल्यावर ती इतकी हसली की हंडा टेकवावा लागला. जाताना तिने सौ.ला पळसाच्या पानातली करवंदे दिली. मी पैसे पुढे केले, कारण तो लोखंडी खांब माझ्या मनातून गेला नव्हता आणि कुठेतरी भरणा केल्याशिवाय मला मुक्काम नियमित झाल्यासारखा वाटत नव्हता. तिने पैसे घेतले, पावतीचे काही काढले नाही.

बिरडे उत्तम झाले. धुराचा वास लागल्याने घरच्यापेक्षाही चांगले झाले असे मी बोलून गेलो आणि लगेच वाक्य मागे घेतले. खरे तर आमच्या मुलखाला रानातला स्वयंपाक नवा नाही. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेताच्या बांधावर पोपटी लागते: मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला, मडके पालथे घालून भोवती जाळ, आणि पाण्याचा एक थेंबही नाही. ज्यांनी ही पाककृती शोधली त्यांनी हा ओहोळ वैशाखात पाहिला असला पाहिजे.

संध्याकाळी माथेरानची भिंत तांबूस झाली. वर सनसेट पॉइंटवर त्या घटकेला मंडळी सूर्य बुडताना बघत उभी असणार. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने हा डोंगर हवा खाण्यासाठी हेरला, तेव्हापासून ती मंडळी येतच आहेत. अंधार पडल्यावर आंब्यांवर काजवे लुकलुकू लागले, आणि पुतण्याने अस्वलाची चौकशी केली. अस्वल नाही, मुंग्या आहेत, असे सौ.ने सांगितले आणि गुळाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवला. मग त्याने मोठ्या प्रेमाने आपली स्लीपिंग बॅग मला दिली. शून्याखाली दहा अंशांपर्यंत ऊब देणारी ती बटाट्याच्या पोत्यासारखी वस्तू कोकणातल्या वैशाखी रात्री अंगाभोवती चेनने बंद करून घेतल्यावर, मोड आणण्यासाठी फडक्यात बांधलेल्या वालांना काय वाटत असेल ते मला समजले. मध्यरात्री मी बाहेर पडून पाटावर डोके ठेवले. पाट कशाला, हा प्रश्न निकालात निघाला. जवळच एक रातवा एकसुरात ओरडत होता, आणि पश्चिमेला पनवेलच्या दिव्यांनी आभाळ पिवळे झाले होते.

चारच्या सुमारास डोळा लागतो न लागतो तोच बायकांचे आवाज आले. विजेरी लावली. डोक्यावर करवंदांच्या, आंब्यांच्या, भाजीच्या पाट्या घेतलेल्या आठ-दहा ठाकर बायका तंबूपुढे एका रांगेत उभ्या होत्या. उन्हे चढायच्या आत या वाटेने डोंगर चढून माथेरानच्या बाजारात माल विकायचा, हा त्यांचा रिवाज, आणि मला आयता मिळालेला तो सपाट, गुळगुळीत, गवत नसलेला पट्टा त्यांच्या पायांनी घासून झालेला होता.

"वाटंत घर कुनी बांदलाय?" पुढची बाई म्हणाली.

वाचकहो, मामलेदार कोर्ट कायदा, 1906, कलम 5. पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहास किंवा वहिवाटीच्या रस्त्यास कोणी अडथळा केल्यास तो दूर करण्याचा हुकूम या कलमान्वये देता येतो. अशा हुकुमांचे मसुदे मी किती लिहिले याची गणती नाही. सामनेवाल्याची "मला माहीत नव्हते" ही सबब प्रत्येक मसुद्यात मी एका ओळीत फेटाळलेली आहे. आता तीच सबब माझ्या तोंडून निघाली, आणि ती बायकांनी एका ओळीतसुद्धा न घेता, पाट्या सावरत, माझ्या नाकासमोरून तंबूच्या दोऱ्या ओलांडून जायला सुरुवात केली. तंबूत सौ. जागी झाली आणि आतूनच तिने विचारले, "दूधवाला आला का?"

आम्ही धोंडे काढले, तंबू ओढून बाजूला घेतला. शेवटच्या बाईने जाता जाता आमच्याकडे पाहून मान हलवली. तो हुकूम बजावल्याचा शेरा मी समजलो.

सकाळी पुतण्या आपण होऊन डवऱ्याकाठी जाऊन बसला. करवंटी आजीची, बैठकही तिच्याकडूनच शिकलेली. चौथ्या उपशानंतरचे पाणी ओंजळीने प्यायला, मीही प्यालो. थंड होते आणि त्याला वाळूचा किंचित वास होता. त्यानंतर जारातले पाणी प्यायला कोणाचे मन होईना. एक जार स्वयंपाकाला आणि भांड्यांना गेला, दुसऱ्याचे बूचही फोडलेले नव्हते. परतीची मिनिडोर आली तेव्हा म्हातारीही आली, आणि एखादा जार मिळेल का म्हणून विचारू लागली. सौ.ने मोठ्या औदार्याने भरलेला पुढे केला. म्हातारीने तो उचलून पाहिला, एवढे वजन टेकाडावर चढवणे आपल्याच्याने होणार नाही असे म्हणाली, बूच काढले, आणि पनवेलहून उकळून, गाळून, निववून, भाडे देऊन आणलेले ते वीस लिटर पाणी वाटेकडेच्या आंब्याच्या रोपाला ओतून, रिकामा जार काखेत मारून निघून गेली.

घरी पोहोचल्यावर सामानाची यादी ताडून पाहिली. एक जार कमी, दोन खुंट्या निकामी, पाट शाबूत.