वाडाविरही

पुण्याच्या पेठांतले वाडे जसजसे कमी होत गेले, तसतशी वाडाविरह्यांची संख्या वाढत गेली. वाडाविरही म्हणजे ज्याची मुंज सदाशिव, नारायण, शनिवार किंवा कसब्यातल्या एखाद्या वाड्याच्या चौकात लागली, ज्याने पुढची तीस वर्षे त्याच वाड्याला ‘खुराडं’ म्हटले, आणि वाडा पाडायची तारीख ठरल्याबरोबर ज्याचा कंठ दाटून आला, तो. वय साठीच्या पुढे. ओळखायला सोपा, कारण तो ‘घर’ म्हणत नाही, ‘वास्तू’ म्हणतो. निरोपाच्या दिवशी सकाळी सातलाच हजर. दिंडी दरवाजाच्या कडीला हात लावून एक फोटो, चौकात सगळ्या बिऱ्हाडांचा एक फोटो, मग ड्रोनवाला, मग बटाटेवडे, आणि शेवटी पिशवीत घातलेली एक वीट. त्या विटेचे पुढे काय करायचे हे त्याने ठरवलेले नसते, त्याच्या बायकोने ठरवलेले असते. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले तेव्हा पाणी कितव्या पायरीपर्यंत चढले होते, हे तो बोट ठेवून दाखवतो. त्या दिवशी तो दोन वर्षांचा होता, याची आठवण करून देण्याची ही वेळ नसते.

अशा माणसाला ढोंगी म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. त्याचे प्रेम अस्सल आहे. फक्त वाडा उभा असेपर्यंत ते उत्पन्न होणेच शक्य नव्हते. वाडा आवडायला आधी फ्लॅट नक्की व्हावा लागतो. याचा पुरावा कवितांत सापडणार नाही, लघुवाद न्यायालयाच्या दप्तरात सापडेल. निरोपाच्या फोटोत मालकाचा नातू आणि भाडेकरूचा मुलगा गळ्यात गळा घालून उभे असतात. जिन्याखालची कोळशाची जागा नक्की कोणाच्या कब्जात, यावर दोघांच्या वडिलांनी वकिलांच्या दोन पिढ्या पोसल्या. वाडा उभा होता तोवर दोघांच्याही लेखी तो ‘सदर मिळकत’ होता. पाडायचे नक्की झाले आणि एका रात्रीत ‘आपला वाडा’ झाला.

यावर कोणी म्हणेल, कायद्यानेच कोंडी केली होती, प्रेम असून तरी काय करणार? यात तथ्य आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० ही तारीख प्रमाण धरून भाडी बांधून टाकली, आणि वाड्याच्या भाड्यातून कौले परतायला येणाऱ्या गड्याची मजुरीही सुटेना. मालक म्हणे, राहतात ते दुरुस्त करतील. राहणारे म्हणत, ज्याचा वाडा त्याने बघावे. आणि मधल्या मध्ये तुळईला टेकू लागे. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, म्हणजे पंधरा रुपयांवर साठ पैसे. एवढ्यात वास्तू सांभाळता येत नाही, हे मी बिनशर्त मान्य करतो. पण प्रश्न वास्तू सांभाळण्याचा नाहीच. सामाईक जिन्यावर एक दिवा लावायचा, तर त्याचे बिल कोणाच्या मीटरवर, यावरून ज्या वाड्यात वर्षानुवर्षे अंधार राहिला, तिथे कायदा आडवा आला असे म्हणवत नाही. दर पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येई, तेव्हा हाच गृहस्थ ‘अस्सल सागवान आहे, अजून शंभर वर्षं हलत नाही’ म्हणून सांगे. बिल्डरशी बोलणी सुरू झाल्यावर ‘उद्याचा भरवसा नाही हो’ असेही त्यानेच सांगितले. दोन्ही वेळा तो मनापासून बोलत होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वाडा म्हणजे नुसती लाकूड-माती नव्हे; तिथली माणुसकी गेली, त्याचे हे दुःख आहे, असे म्हणतात. आता ही माणुसकी गेली कुठे ते पाहू. बहुतेक ठिकाणी नवी इमारत त्याच जागेवर उभी राहते आणि जुन्या भाडेकरूंना तिथेच फ्लॅट मिळतात. म्हणजे माणसे तीच, आडनावे तीच, पोस्टमनही तोच. पूर्वी आमटीची वाटी ज्या दाराने आत येई, तिथे आता जाळीचे दार, आतले दार, साखळी आणि भिंग आहे. वाटीवाली काकू मात्र समोरच्याच फ्लॅटमध्ये आहे. तेव्हा माणुसकीला कोणी वाड्याबरोबर पाडलेले नाही. एकच नळ, पाण्याची ठरलेली वेळ आणि बोटभर जाडीची लाकडी पार्टिशन यांनी ती सक्तीने वसूल केली होती. पलीकडे मूल रडले की अलीकडे झोप मोडायची, म्हणून चमचा आणि बाळकडू घेऊन जावेच लागे. सक्तीची होती म्हणून ती खोटी ठरत नाही. त्या चमच्याने मुले जगली आहेत. पण ज्याला ती परत हवी, त्याने एखादे दिवशी साखळी काढून पाहायला हरकत नव्हती.

आणि या सगळ्या विरहात वाड्यातल्या सुनेचा आवाज का नसतो, तेही पाहावे. ‘काय दिवस होते, नाही का वहिनी?’ असे भरल्या गळ्याने विचारले की वहिनी आकड्यांत उत्तर देतात: अकरा बिऱ्हाडे, तीन संडास, बावीस पायऱ्यांचा जिना, आणि वर पाणी चढत नव्हते. ढेकणांचा आकडा त्या सांगत नाहीत. मोरीतल्या तांब्याच्या बंबाची आठवण त्यांच्या यजमानांना सोनेरी दिसते; तो बंब दर शनिवारी चिंचेने घासणारीला ती तितकी सोनेरी दिसत नाही. वहिनी निरोपाला येतात, उंबऱ्याला हळदकुंकू वाहतात, वाकून नमस्कार करतात आणि वड्यांच्या आधीच निघतात, कारण भाड्याच्या तात्पुरत्या जागेत वॉशिंग मशीन लावून आलेल्या असतात. त्यांचा तो नमस्कार ड्रोनमध्ये येत नाही. मला विचाराल तर सगळ्या सोहळ्यात निरोप म्हणावा असा तेवढाच.

वाडाविरही नंतर बराच काळ तग धरतो. दिंडी दरवाजा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे गेलेला असतो, आणि कुठल्याशा हॉटेलच्या दर्शनी भागात तो दिसला की तिथे चहा पिऊन, दर ऐकून तो खिन्न होतो. झोपाळा त्याने नव्या दिवाणखान्यात टांगून घेतला आहे. झोका घेतला की टीव्हीला लागतो, म्हणून त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात. ‘आपला वाडा’ या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी चौकाचा तोच फोटो येतो आणि त्याखाली अकरा बिऱ्हाडांतून हात जोडले जातात. सध्या मात्र गट जरा शांत आहे. ड्रोनवाल्याचे पैसे चुकते व्हायचे आहेत, आणि चार जणांकडून वर्गणी यायची राहिली आहे.