चोंगजिनची घसरगुंडी

उत्तर कोरियाची लोकसंख्या अडीच कोटींच्या आसपास आणि खडी फौज 12 लाखांच्या घरात. त्यातले बरेच जवान बंदुकीपेक्षा फावडंच जास्त चालवतात. भातलावणी म्हणू नका, इमारती म्हणू नका. जनरलांच्या हाती वही-पेन. देशाचे सर्वेसर्वा किम जोंग उन यांनी तोंड उघडायचा अवकाश, छातीभर पदकांचे म्हातारे सेनानी शाळकरी पोरांसारखे उतरवून घेतात.

याच फौजेसाठी 21 मे 2025 रोजी चोंगजिन बंदराच्या गोदीत 5,000 टनी विनाशिका पाण्यात सोडायची होती. किमसाहेब जातीने हजर. जहाज आडवं सरकवायचं ठरलेलं. पण मागची बाजू आधी सुटली, नाक धक्क्यावरच अडकलं आणि अख्खी विनाशिका कुशीवर निजली. (विनाशाची सुरुवात घरापासून!) वर निळी ताडपत्री ओढली गेली, तरी उपग्रहांना दिसायचं ते दिसलंच. सरकारी वृत्तसंस्थेने बातमीही दिली, वर नुकसान गंभीर नसल्याची ग्वाही.

किम यांनी हा प्रकार गुन्हा ठरवला. गोदीचा मुख्य अभियंता आत, पक्षाचा बडा पदाधिकारीही आत. गुरुत्वाकर्षण तेवढं फरार.

जूनअखेरच्या पक्षबैठकीआधी जहाज दुरुस्त झालंच पाहिजे, असं फर्मान सुटलं. झालंही! 12 जूनला राजिन बंदरात पुन्हा जलावतरण, पुन्हा साहेब. तिथेच त्यांनी पुढच्या वर्षी अशा आणखी दोन विनाशिका बांधायचं जाहीर केलं. टाळ्या कडाडल्या. बाहेर उरलेल्या अभियंत्यांनाही वाजवाव्या लागल्याच असणार.