ताटाची डावी बाजू

ब्लड प्रेशर निघालं की मराठी घरात पहिली कुऱ्हाड कोसळते ती ताटात डावीकडे वाढलेल्या चिमूटभर मिठावर. 'वरून मीठ अजिबात घेत नाही', हे मग चारधाम करून आल्याच्या थाटात सांगितलं जातं. चिमटीशेजारचं लिंबाचं लोणचं, खारातली मिरची आणि उडदाचा पापड मात्र जागचे हलत नाहीत, कारण त्यांना कुणी मीठ म्हणत नाही. पापडात तर मिठाच्या जोडीला पापडखार. तोही सोडियमचाच क्षार. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, आणि त्यात आमटी, भाजी, फरसाण, बेकरीचा पाव असं सगळंच आलं.

'जास्तीचं मीठ किडनी काढून टाकतेच की!' हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यात किलोहून जास्त मीठ असतं; ते जवळजवळ सगळं त्या परत रक्तात घेतात आणि आपण खाल्लं तेवढंच बाहेर सोडतात. इतका चोख हिशेब बँकेतही मिळायचा नाही. पण अनेकांच्या किडन्यांना ही जास्तीची रक्कम नेहमीच्या दाबावर बाहेर काढता येत नाही. मग शरीर पाणी धरून ठेवतं, दाब वाढतो, आणि वाढलेल्या दाबाच्या जोरावर मीठ निघतं. म्हणजे किडनी काम करते, फक्त त्याची किंमत रक्तवाहिन्या मोजतात, आणि पुढे किडनीतल्या बारीक गाळण्याही. 'आमचे आजोबा रोज खारातली मिरची खाऊन नव्वदीपर्यंत जगले', यावर इतकंच म्हणता येईल की मीठ सगळ्यांना सारखं बाधत नाही, आणि साठीत गेलेल्या आजोबांचा दाखला कुणी देत नाही.

काही जण शहाणपणाने सैंधवाकडे वळतात. रंग गुलाबी, भाव चढा, उपवासाला चालतं. पण आत बहुतांश तेच सोडियम क्लोराइड. बाकीची खनिजं इतकी नाममात्र की त्यांच्यासाठी सैंधव खाणं म्हणजे जिलबी लोहासाठी खाणं. खरा फरक पोटॅशियमने पडतो. ते सोडियमला लघवीवाटे बाहेर काढायला मदत करतं. चीनमधल्या 600 खेड्यांत झालेला एक मोठा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या खेड्यांना पाऊण भाग साधं मीठ आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण दिलं होतं. तिथे पक्षाघाताचं प्रमाण सुमारे 14 टक्क्यांनी कमी भरलं.

मात्र गंभीर किडनीविकार असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. किडनी थकली की पोटॅशियम साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं. अशा पेशंटला साधं शहाळंदेखील डॉक्टरांना विचारूनच प्यावं लागतं, आणि दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक नेमका शहाळंच घेऊन येतो.