यानाला तेल कोण घालतो? अर्थात भिवंडीकरांसाठी विज्ञानमालिका-दर्शनाची नियमावली

मनुष्याने काय पाहावे हे सांगणारी शास्त्रे पुष्कळ झाली. परंतु जे पाहिले त्याविषयी निर्भीडपणे मत कसे द्यावे, आणि ते देताना घरातील शांतता, शेजाऱ्याचा स्नेह व स्वतःची अब्रू ही तिन्ही कशी सांभाळावी, हे सांगणारा एकही ग्रंथ प्रस्तुत लेखकाच्या दृष्टीस आलेला नाही. त्यातही विज्ञानकल्पित दूरचित्रवाणी-मालिका हा प्रांत विशेष निसरडा. कारण ‘असे कधी घडते का?’ हा प्रश्न प्रेक्षकाने दारातच ठेवून आत यावे अशी निर्मात्याची अपेक्षा असते, आणि भिवंडीचा मनुष्य चपलांखेरीज दुसरे काहीही दारात ठेवण्यास सहसा राजी नसतो. ही अडचण ध्यानी घेऊन पुढील नियमावली तयार केली आहे. तिचा अंमल वाचकाने आपल्या जबाबदारीवर करावा.

कलम १ : पात्रतेविषयी

अंतराळ, यंत्रमानव आणि संगणक यांवर मत देण्याचा अधिकार बंगळूरच्या अभियंत्याला किंवा पुण्याच्या प्राध्यापकालाच आहे, असा एक समज आपल्याकडे दृढ आहे. तो सर्वप्रथम रद्दबातल समजावा. संगणकाचा कुलवृत्तांत काढू गेल्यास तो थेट मागापाशी येऊन पोहोचतो. कारण फ्रान्समधील लिआँ शहरातल्या जाकारने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने मागावर नक्षी विणण्याची जी युक्ती सिद्ध केली, तीच छिद्रयुक्त पत्रिका पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी उचलली. तेव्हा ज्या गावात लाखो यंत्रमाग रात्रंदिवस चालत आले, त्या गावाने संगणकाच्या करामती पाहून तोंडात बोट घालण्याचे काही कारण नाही. नातवाचे खेळ पाहताना आजोबा जेवढे कौतुक करतात, तेवढेच आपण करावे, आणि चूक दिसल्यास आजोबांच्याच अधिकाराने कान पिळावा. आमच्याकडील बहुसंख्य माग साधे ग्रे कापड विणतात, नक्षीदार नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर असे की, साध्या कापडातला दोष अधिक लवकर दिसतो, आणि ज्याची नजर त्यावर तयार झाली तो परीक्षणास अधिक लायक.

कलम २ : स्थळ, काळ व ध्वनी

मालिका पाहण्यास उत्तम वेळ रात्रीची, आणि उत्तम जागा कारखान्यापासून शक्य तितकी दूर. ज्यांना दुसरे शक्य नाही, त्यांनी मागांच्या खटखटीतच पाहावे. त्यात एक अनपेक्षित लाभ आहे. अंतराळात हवा नाही, आणि हवा नाही म्हणजे ध्वनी नाही, हे शाळेत आठवीच्या मुलालाही ठाऊक असते. तथापि बहुतेक मालिकांत यानावर यान आदळले की कानठळ्या बसतात. बाहेरच्या खटखटीत हा खोटा स्फोट ऐकू येत नाही व शास्त्राची आपोआप बूज राखली जाते. २००२ सालच्या ‘फायरफ्लाय’ या अमेरिकन मालिकेने मात्र निर्वात पोकळीतील दृश्ये निःशब्द ठेवण्याचे धैर्य दाखवले, याबद्दल तिला येथेच पूर्ण गुण देऊन टाकावेत. बारा तासांची पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कारागिराला विचारून पाहावे. अंतराळातली सर्वांत हेवा वाटण्याजोगी गोष्ट कोणती, तर ती शांतता, असेच तो सांगेल. निर्मात्यांना ही फुकट मिळणारी दौलत उधळून तिच्या जागी ढोलताशे का बसवावेसे वाटतात, हे कोडे आहे.

कलम ३ : घरातील आक्षेपकांविषयी

मालिका एकट्याने पाहू नये. निर्भीड मताचा उगम बहुधा दुसऱ्याच्या प्रश्नात असतो, आणि ब्राह्मण आळीपासून पद्मानगरपर्यंत असे एकही घर नसेल की ज्यात प्रश्न विचारणारी आजी नाही. “अरे, हे परग्रहावरचे लोक सगळे इंग्रजीच कसे रे बोलतात?” असे आजीने विचारले असता “आजी, तू गप्प बस” असे कदापि म्हणू नये. प्रश्न रास्त आहे. ज्या एका गावात मराठी, आगरी, उर्दू, तेलुगू, गुजराती आणि भोजपुरी या भाषा एकाच चहाच्या टपरीवर एकमेकींना सांभाळून घेत नांदतात, तेथील माणसाला संपूर्ण आकाशगंगेची एकच बोली असावी हे पटणे कठीण. ‘स्टार ट्रेक’मध्ये यावर सर्व भाषांचा तत्काळ अनुवाद करणारे एक यंत्र कल्पिलेले आहे, हे आजीला समजावून सांगावे, त्यावर “मग ते यंत्र बँकेत का नाही ठेवत?” असे ती म्हणेल, ते टिपून ठेवावे.

कलम ४ : कसोट्या

मत ‘छान’ किंवा ‘बकवास’ एवढ्या दोन शब्दांत देणे हे आळसाचे लक्षण होय. पुढील चार कसोट्या क्रमाने लावाव्यात.

पहिली कसोटी फ्यूजची. शत्रूचा मारा यानाच्या पाठीवर होतो आणि ठिणग्या उडतात त्या पुढच्या दालनात बसलेल्या कर्मचाऱ्याच्या तोंडावर, हा प्रकार ‘स्टार ट्रेक’च्या घराण्यात वारंवार घडतो. प्रकाशाहून वेगाने जाणारे इंजीन ज्यांनी घडवले, त्यांना वाटेत एक फ्यूज बसवण्याचे सुचू नये, याची भिवंडीच्या कोणत्याही वायरमनने दखल घेतल्याशिवाय राहू नये. ज्या गावात भारनियमनाची वर्षे लोकांनी घड्याळ हाती धरून काढली, आणि ज्या गावाचे वीजवितरण २००७ साली फ्रँचायझी पद्धतीने खासगी कंपनीकडे सोपवण्याचा प्रयोग देशात सर्वांत आधी झाला, तेथील प्रेक्षक विजेच्या बाबतीत फसवला जाणे अशक्य आहे.

दुसरी कसोटी भुग्याची. यंत्र चालते तेथे काहीतरी उडते, सांडते, चिकटते. आमच्याकडे सुताचा भुगा छतापासून पापणीपर्यंत बसतो. ज्या यानाच्या भिंती शतकानुशतके प्रवास करूनही इस्पितळासारख्या स्वच्छ दिसतात, त्या यानात कोणी काम करीत नाही, एवढा निष्कर्ष निःशंक काढावा.

तिसरी कसोटी जकातीची. माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गावांत आज जी अफाट गोदामे दिसतात, त्यांच्या मुळाशी मुंबईची जकात होती. माल मुंबईच्या हद्दीबाहेर उतरवून लागेल तसा आत नेण्यात व्यापाऱ्यांची बचत होई. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. हा इतिहास डोळ्यांसमोर असलेल्या माणसाने मालिका पाहताना विचारावे : या ग्रहावरून त्या ग्रहावर माल नेतो कोण, हमाली देतो कोण, आणि नाका कोठे आहे? बहुतेक मालिका येथे निरुत्तर होतात. ‘द एक्सपान्स’ होत नाही. तिचा कथारंभच बर्फ वाहून नेणाऱ्या एका जुनाट मालवाहू जहाजापासून होतो, कारण लघुग्रहांच्या पट्ट्यात राहणाऱ्या श्रमिकांना पाणी बाहेरून येते आणि त्या पाण्यावरून राजकारण पेटते. टँकरची वाट पाहिलेल्या कोणत्याही वस्तीला ही मालिका समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय तिच्या यानांची रचना बहुमजली इमारतीसारखी असून इंजीन तळाशी आहे, आणि त्याच्या रेट्यामुळेच माणसांचे पाय जमिनीवर टिकतात. इतरत्र गुरुत्वाकर्षण भाडेपट्ट्याने मिळाल्यासारखे कोठूनही उपलब्ध असते.

चौथी कसोटी वारसनोंदीची, आणि ती केवळ कालप्रवासाच्या मालिकांना लागू आहे. २०१७ ते २०२० या काळात आलेली ‘डार्क’ ही जर्मन मालिका विद्वन्मान्य आहे, आणि तिची बांधणी खरोखर असामान्य आहे. परंतु तीत एक मुलगी आपल्याच आईची आई निघते. हा गुंता समजत नसल्यास कागद घेऊन वंशावळ काढावी, आणि ती वंशावळ घेऊन सातबाऱ्यावर वारसनोंद करण्यासाठी आपण तलाठ्यापुढे उभे आहोत अशी कल्पना करावी. फेरफार मंजूर होईल असे वाटल्यास मालिका निर्दोष. गोदामांसाठी जमिनींचे भाव चढल्यापासून भिवंडी तालुक्यात वंशावळीचे जे ज्ञान पसरले आहे, त्याचा असा निर्मळ उपयोग दुसरा नाही.

कलम ५ : जॉबरविषयी, आणि हे कलम मुख्य

वरील चारही कसोट्या विसरल्या तरी चालतील. पाचवी विसरू नये. कारखान्यात माग बंद पडला की मालक धावत नाही, हिशेब ठेवणारा मेहता धावत नाही, जॉबर येतो. धोटा का अडला, पट्टा का घसरला, हे तो कान देऊन ओळखतो, पान्हा फिरवतो आणि निघून जातो. अशा एका जॉबरभाईंनी कोणतीही आकाशगामी मालिका पाहिली, तर त्यांचा पहिला प्रश्न “इसकी ऑइलिंग कब होती है?” हाच असणार. विज्ञानकल्पित मालिकांचे याहून नेमके परीक्षण प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही.

या प्रश्नापुढे उभे केले असता मालिकांचे आपोआप दोन वर्ग पडतात. एका वर्गात यंत्र ही देवता असते. ती प्रसन्न होते, कोपते, परंतु तिचा एकही नट ढिला होत नाही. दुसऱ्या वर्गात यंत्र हे यंत्र असते. १९६६ ते १९६९ या तीन वर्षांत ७९ भागांत आलेल्या मूळ ‘स्टार ट्रेक’ने निदान स्कॉटी नावाचा एक पगारी जॉबर यानावर ठेवला होता, आणि हाच गृहस्थ पुढे १९८४ च्या चित्रपटात कबूल करतो की, दुरुस्तीला लागणारा वेळ आपण नेहमी चौपट सांगत आलो, म्हणून आपली ख्याती झाली. त्याच मालिकेत माणसांना एका क्षणात विरघळवून दुसरीकडे उमटवणारे जे यंत्र आहे, ते प्रत्येक भागात यान जमिनीवर उतरवण्याचा खर्च झेपेना म्हणून कल्पिले गेले; काटकसरीतून जन्मलेल्या या शोधाला आमच्या व्यापारी पेठेने मानाचा मुजरा करावा.

२०२२ साली आलेल्या ‘अँडोर’मध्ये एक कारागृह आहे, तेथे कैदी बारा बारा तासांच्या पाळीत यंत्राचे सुटे भाग जोडतात, मागे पडणाऱ्या मेजाला विजेचा झटका आणि पुढे राहणाऱ्याला अन्नात चव, असा तेथील कायदा. २०११ च्या ‘ब्लॅक मिरर’मधील एका भागात माणसे सायकली मारून वीज निर्माण करतात आणि तिच्या मोबदल्यात मिळालेले गुण जाहिराती टाळण्यासाठी खर्च करतात. या दोहोंना समीक्षक भविष्याचे भयाण चित्र म्हणतात. नगाप्रमाणे किंवा मीटरप्रमाणे मजुरी मिळवून भिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवणारा आणि आळीपाळीने एकाच खाटेवर झोपणारा मनुष्य त्यास भविष्य म्हणेल की नाही, याचा खुलासा त्यालाच विचारून करून घ्यावा. समीक्षकांनी तो अद्याप विचारलेला दिसत नाही.

कलम ६ : बंद पडलेल्या मालिकांचा शोक

मालिका अर्ध्यावर तहकूब होणे ही या प्रांतातील नित्याची आपत्ती होय. वर गौरवलेल्या ‘फायरफ्लाय’चे १४ भाग तयार असता वाहिनीने ११ दाखवले, तेही उलटसुलट क्रमाने, आणि गाशा गुंडाळला. अशा वेळी रडत न बसता अर्ज करावा. १९६८ साली प्रेक्षकांनी पत्रांचा वर्षाव केला आणि ‘स्टार ट्रेक’ला तिसरे वर्ष मिळाले, २०१८ साली ‘द एक्सपान्स’ बंद झाली तेव्हा भक्तांनी विमानाला फलक बांधून आपली विनंती आकाशात फिरवली, आणि दुसऱ्या कंपनीने ती मालिका पुढे चालवली. अर्ज-विनंत्या, स्मरणपत्रे, पोहोचपावत्या यांत ज्यांची हयात गेली, त्या आपल्या लोकांना हे काम जड जाऊ नये.

कलम ७ : नाव झाकून मत देण्याविषयी

स्वदेशी मालिकांबाबत दोन दोष टाळावेत : आपली म्हणून डोक्यावर घेणे, आणि आपली म्हणून हसणे. १९९८ च्या सुमारास दूरदर्शनवर केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ लागत असे. तिच्यातील चित्रकरामती आज पाहणाऱ्याला भाबड्या वाटतील, तरी आपल्या माणसाला यानात बसवण्याची तिची हिंमत खरी होती, हे न्यायबुद्धीने नोंदवावे. हे दोन्ही दोष टाळण्याचा उपाय म्हणजे नाव झाकणे, आणि त्याचा कित्ता आपल्याकडेच आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली, तेव्हा लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे होते. पुढे उघड झाले की ते जयंत विष्णू नारळीकर होत. परीक्षकांनी माझी कीर्ती न तोलता कथा तोलावी, एवढीच त्या थोर शास्त्रज्ञाची इच्छा होती. प्रेक्षकानेही मत देण्यापूर्वी निर्मात्याचे नाव, खर्चाचा आकडा आणि पुतण्याची शिफारस या तिन्हींवर हात ठेवून मगच बोलावे.

कलम ८ : निवाडा

एवढे सर्व पाळण्यास ज्यांना फुरसत नाही, त्यांच्यासाठी संक्षिप्त आज्ञा अशी. २०२३ साली सुरू झालेल्या ‘सायलो’ या मालिकेचा तिसरा भाग पाहावा. जमिनीखाली १४४ मजल्यांत कोंडलेली दहा हजार माणसे, तळाशी एकच जनित्र, त्याचे एक पाते वाकलेले, आणि ते नीट करण्यासाठी सगळ्या वस्तीला अंधारात ठेवून, वाफ कोंडलेली असताना, ठरल्या मुदतीत हातोडे घालणारे तळमजल्यावरचे मिस्त्री, एवढाच त्याचा विषय. त्यात शत्रू नाही, परग्रहवासी नाही, प्रकाशाची तलवार नाही. पण ते पाते सरळ होईपर्यंत श्वास रोखून बसावे लागते. शेजारी एखादा जॉबर बसवता आला तर फारच उत्तम. तो भाग आवडल्यास पुढील भाग पाहावेत, न आवडल्यास आपली अभिरुची तपासून घ्यावी. आणि जिच्यात यंत्राला तेल घालणारा एकही माणूस दिसत नाही, अशी मालिका कितीही महाग असली तरी दुसऱ्या भागानंतर बेलाशक बंद करावी.