बारकोड फक्त खोक्यालाच

भिवंडीत मानकोली, वळ, पूर्णा, राहनाळ या बाजूला कुठल्याही मोठ्या गोदामात शिरा, समोरच्या एखाद्या खोक्याकडे बोट दाखवा आणि विचारा, "हा कुठला?" स्कॅनरचा लाल किरण बारकोडवर पडायचा अवकाश, खोक्याची सगळी कुंडली पडद्यावर हजर. कोणत्या ट्रकमधून आला, कोणत्या दाराशी उतरला, कोणत्या रॅकच्या कितव्या खणात बसला, तिथून तो कोणी उचलला आणि उचलायला किती सेकंद लावले. आत भले पन्नास रुपयांचा शांपू असेल, पण त्याचा हिशेब सेकंदांत ठेवलेला असतो.

आता मान जरा वर करा, पत्र्याच्या छताकडे बोट दाखवा आणि विचारा, "हे कुणाच्या परवानगीने उभं राहिलं? आग लागली तर बंब कुठून आत येणार? हे शेवटचं तपासलं कधी, कुणी?" स्कॅनर गप्प, सुपरवायझर गप्प. वॉचमन तेवढा विचारतो, "आपण कोण?"

भिवंडीचे एवढे मोठे कोठार झाले त्याला कारणे आहेत. मुंबईच्या जकातनाक्याबाहेर, पण मुंबईच्या हाताशी, असा माल ठेवायला जागा हवी होती. ती इथल्या भातखाचरांनी दिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत. उलट राज्याराज्यांत लहान लहान कोठारे ठेवण्याची गरज संपली आणि देशभरच्या कंपन्यांनी इथेच मोठाली छते उभारली. आज मुंबई-ठाण्यात कुणी रात्री दहाला पायमोजे मागवले, की भिवंडीत कुणाची तरी झोप मोडण्याची शक्यता बरीच असते.

या छताखाली जबाबदारीची रचना मोठी शास्त्रशुद्ध आहे. सर्वात वर कंपनी. तिचा माल हाताळणारी दुसरी कंपनी. तिला माणसे पुरवणारा कंत्राटदार, त्याचा उपकंत्राटदार, त्याचा मुकादम. आणि सर्वात शेवटी, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा. वरच्या प्रत्येकाकडे करारपत्र असते आणि करारपत्रात जिवापाड जपलेले एक कलम असते, की अमुकतमुक नुकसानीस आम्ही जबाबदार राहणार नाही. मुलाकडे फक्त ओळखपत्र असते. त्यावर त्याचा फोटो असतो. चूक झाल्यावर ओळख पटवायला तेवढे पुरते.

चूक झालीच, तर आधुनिक व्यवस्थापनाप्रमाणे तिचे मूळ शोधतात. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी यासाठी एक सोपी रीत रूढ केली होती. पाच वेळा 'का?' विचारा, मुळाशी पोहोचाल. ही रीत आमच्याकडेही पोहोचली आहे, फक्त वाटेत थोडी घासली गेली. अशी एखादी बैठक साधारण पुढीलप्रमाणे पार पडत असावी.

"पार्सल उशिरा का गेलं?"

"सर, गाडी उशिरा सुटली."

"गाडी उशिरा का सुटली?"

"भरायला वेळ लागला, सर."

"भरायला वेळ का लागला?"

"सर, सेलचा माल होता. शंभर माणसं लागतात, साठच दिली होती."

इथे खोलीत शांतता पसरते. माणसे साठच का दिली, हा चौथा 'का'. तो खाली विचारून भागत नाही, वर मेल करून विचारावा लागतो. वर विचारले, की पाचवा 'का' उलट फिरून विचारणाऱ्याकडे येतो. म्हणून साहेब घसा साफ करतात आणि प्रश्नच बदलतात, "त्या वेळी स्कॅनर कुणाच्या हातात होता?"

झाले! 'का' संपला, 'कोण' सुरू झाला. 'कोण'चे उत्तर पडद्यावर तयारच असते. अहवालात नोंद होते, "मानवी चूक. संबंधितास समज देण्यात आली." संबंधिताला समज म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याचे ओळखपत्र गेटवर चालत नाही. त्याच्या जागी नवा मुलगा येतो, माणसे साठच राहतात, पार्सल पुन्हा उशिरा जाते. चूक मात्र आता नव्या माणसाची असते, म्हणजे सुधारणा झालेलीच आहे.

गोदामाबाहेर पडून शहरात आले, की हेच शास्त्र सरकारी भाषेत भेटते. खालच्या माणसाच्या हातून झाली तर ती 'मानवी चूक'. वरच्यांच्या हातून झाली तर 'दुर्दैवी घटना'. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत माणसे झोपेत असताना कोसळली आणि चाळीसच्या आसपास माणसे गेली. इमारत १९८४ ची. ढिगाऱ्यापाशी यंत्रणा तातडीने पोहोचली. उभ्या इमारतीपाशी वेळेत पोहोचायला मात्र तिला छत्तीस वर्षे पुरली नाहीत. मालकावर गुन्हा दाखल झाला, महापालिकेचे दोन अधिकारी निलंबित झाले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सविस्तर निकाल दिला. त्यानंतर चौदा महिन्यांनी, २९ एप्रिल २०२३ ला, वळपाड्यातली वर्धमान कंपाउंडमधली इमारत कोसळली. तिच्यात खाली गोदाम होते, वर कुटुंबे राहत होती. आठ जण गेले. मालकाला अटक झाली.

दोन्ही ठिकाणी मालक सापडला. चांगलेच झाले. पण इमारत काही मालक एकटा रातोरात खांद्यावरून आणून ठेवत नाही. ती महिनोन्‌महिने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चढत जाते. वीज मिळते, पाणी मिळते, घरपट्टी लागते. एवढी खाती तिच्या दारात येऊन जातात, पण कोसळल्यावर चौकशी सुरू झाली, की तिला पाहिलेले कुणीच नसते. शहराची हद्द संपली की तर आणखी सोय. आजूबाजूच्या ६० गावांसाठी २००७ पासून एमएमआरडीए नियोजन प्राधिकरण आहे. शिवाय ग्रामपंचायत आहे, जिल्हा परिषद आहे, महसूल खाते आहे. एका खोक्यामागे एकच मुलगा असतो, म्हणून तो सापडतो. एका इमारतीमागे चार कार्यालये असली, की प्रत्येकाला उरलेल्या तिघांकडे बोट दाखवता येते.

या सगळ्यांचे आवडते साधन म्हणजे नोटीस. पावसाळा आला, की धोकादायक इमारतींची यादी निघते, नोटिसा निघतात. नोटीस हे जबाबदारीचे पार्सल आहे. ते रहिवाशाच्या दारावर चिकटले आणि फोटो काढला, की डिलिव्हरी पूर्ण. घर सोडून रहिवाशाने जायचे कुठे, हा पत्ता त्या पार्सलवर नसतो. पुढे काही घडलेच, तर "आम्ही नोटीस दिली होती" हे वाक्य फाइलीत तयार असते.

यातही न्याय करायचा तर खालच्या अभियंत्याचाही करायला हवा. त्याच्या वाट्याला शेकडो इमारती, दोन हात आणि दिवसभर वाजणारा फोन असतो. पाडायला निघाला तर एक फोन, नाही निघाला तर दुसरा. ऐकले नाही तर बदली. ऐकले आणि इमारत पडली तर निलंबन. फोन करणाऱ्याची नोंद कुठल्याच फाइलीत नसते. निलंबन हा सरकारी गेटपास आहे. तोही बंद होतो तो सही करणाऱ्याचा. सही करू नको म्हणणाऱ्याचा कधीच होत नाही.

आता एवढा ताण असल्यावर त्यावर उपाय हवाच. तो सरकारने केला. ३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने कामाचे तास वाढवायला मंजुरी दिली. कारखान्यांत दिवसाला ९ ऐवजी १२, दुकाने-आस्थापनांत ९ ऐवजी १०. कारखान्यांत तिमाहीत ११५ तासांपर्यंत असलेला ओव्हरटाइम १४४ तासांपर्यंत. या बातमीने राज्यभर चर्चा झडली, भिवंडीत कुणी मान वर केली नाही. इथला यंत्रमागाचा कारीगर पिढ्यान्‌पिढ्या बारा तासांची पाळी करतो आहे आणि मजुरी तासावर नाही, मीटरवर घेतो आहे. मंत्रालयाला भिवंडीपर्यंत यायला एवढी वर्षे लागली. मानकोलीची वाहतूक कोंडी, दुसरे काय!

ताणाच्या बाबतीत आम्ही मागासलेले आहोत, असे मात्र कुणी समजू नये. २०२४ च्या मे महिन्यात हरियाणातल्या मानेसरला ॲमेझॉनच्या गोदामात कामगारांना शपथ घ्यायला लावल्याचे प्रकरण पुढे गाजले. ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी पिणार नाही, लघवीला जाणार नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने नोटीस काढली, कंपनीने ही एक सुटी, दुर्दैवी घटना असल्याचे सांगितले. त्याच वर्षी पुण्यात ईवाय या बड्या लेखा-सल्लागार कंपनीशी संलग्न संस्थेतली २६ वर्षांची सनदी लेखापाल नोकरी लागून चार महिने होताहेत तोच गेली. कामाच्या बोज्याने ती गेली, असे तिच्या आईचे पत्र देशभर वाचले गेले. मग कामगार खाते पाहणीला गेले. तेव्हा आढळले, की पुण्यातले ईवायचे कार्यालय २००७ पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीविनाच चालू होते. शांपूच्या बाटलीला रॅकवर यायला चार सेकंद उशीर झाला तर यंत्र लाल होते. एका अख्ख्या कार्यालयाला नोंदणीला सतरा वर्षे उशीर झाला, तेव्हा कुठेही दिवा लागला नाही.

गंमत अशी, की चूक वेळेवर पकडायची विद्या जगाला मागानेच शिकवली. टोयोटाचा मूळपुरुष साकिची तोयोदा मोटारी नव्हे, माग बनवत होता. १९२४ मध्ये त्याच्या कारखान्याने तयार केलेला स्वयंचलित माग धागा तुटताक्षणी आपोआप थांबायचा. तुटलेल्या धाग्यावर पुढे वीस मीटर कापड विणायचे, मग ताका उलगडून कारीगराची मजुरी कापायची, हा व्यवहार त्याला मूर्खपणाचा वाटला असावा. हीच रीत पुढे मोटारींच्या कारखान्यात गेली. कामगाराच्या डोक्यावर एक दोरी आली. चूक दिसली, की साध्या कामगाराने ती ओढायची. गरज पडली तर सगळी ओळ थांबते, वरचा माणूस खाली धावत येतो आणि विचारतो, "काय झालं?" अमेरिकेत १९७६ पासून नासा वैमानिकांच्या चुकांचे गोपनीय अहवाल गोळा करते. हेतू एकच, माणसाने शिक्षेच्या भीतीने चूक लपवू नये आणि तीच चूक पुढच्या विमानात होऊ नये.

भिवंडीत लाखो माग आहेत. म्हणजे तोयोदाच्या विद्येवर पहिला हक्क आमचा. पण आमच्याकडचे बहुतेक माग साधे. धागा तुटला, कारीगराची नजर चुकली, की माग चालूच राहतो, डाग कापडात उतरतो आणि शेवटी तो कारीगराच्या हिशेबातून वजा होतो. गोदामात दोरी बसवली आणि एखाद्या मुलाने ती ओढून सांगितले, "साहेब, रॅक वाकलाय," तर वरचा माणूस धावत येईल खरा, पण बहुधा विचारेल, "ओळ कुणी थांबवली?"

म्हणून या सदरातर्फे काही नम्र सूचना. प्रत्येक गोदामाच्या, प्रत्येक इमारतीच्या दारावर एक बारकोड लावावा. कुणीही मोबाइल धरला, की परवानगी कुणी दिली, तपासणी कुणी आणि कधी केली, नोटिशीनंतर काय केले, हे पडद्यावर यावे. फाइल ज्या टेबलावर थांबली असेल तिथे सेकंदांचे घड्याळ चालू व्हावे आणि मर्यादा ओलांडली की टेबलावर लाल दिवा लागावा. साहेबांना येणाऱ्या फोनलाही पोहोच पावती असावी. वर्षाअखेर सर्वाधिक चौथे 'का' विचारणाऱ्या कर्मचाऱ्याचा सत्कार करावा. सध्या त्याचा निरोप समारंभ होतो, तेवढा खर्च वाचेल.

हे अशक्य आहे, असे म्हणू नका. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ ला रस्त्यावरच्या खड्ड्यांबाबत असेच काही करून दाखवले आहे. खड्ड्याने माणूस मेला तर वारसांना ६ लाख रुपये, जखमी झाला तर ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत, आणि हे पैसे दोषी कंत्राटदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करायचे. खड्ड्याला पहिल्यांदा मालक मिळाला. उघड्या मॅनहोललाही मिळाला. पडक्या इमारतीला, वाकलेल्या रॅकला आणि साठ माणसांत शंभरांचे काम काढणाऱ्या आदेशाला तो अजून मिळायचा आहे.

तेव्हा वाचकहो, 'मानवी चूक' किंवा 'दुर्दैवी घटना' हे शब्द पुढच्या वेळी छापून आले, की एकच गोष्ट तपासा. ज्याच्यावर खापर फुटले, त्याच्या हातात काम थांबवण्याचा अधिकार होता का? असेल, तर त्याला जरूर धरा, तो कितीही मोठा असो. नसेल, तर त्याच्याकडे जाब मागायचा अधिकार कुणालाही नाही, आणि ज्याने तो मागितला, चौकशी त्याच्यापासून सुरू करा.