लाल बाणांची पुस्तिका

१५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, म्हणजे शेतकऱ्यानं आपल्या पिकाची नोंद ॲपमधून आपणच करायची. घोषवाक्य झकास होतं: ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच लिहिणार माझा पीकपेरा’. तेव्हाचे महसूलमंत्री बाळासाहेब थोरात संगमनेरचे, पुढच्याच वर्षी आलेले राधाकृष्ण विखे पाटील लोणीचे. खातं तेव्हा तरी नगर जिल्ह्याबाहेर गेलं नाही. पण ॲपमध्ये पीकपेरा लिहायचा कसा, हे समजावायचं काम गावोगाव पडलं ते ज्याचा मोबाईल बरा त्याच्यावर.

कधी सेतूवाला, कधी कृषी सहायक, कधी पुण्याहून सुट्टीला आलेला पुतण्या. मानधन एक चहा.

त्यासाठी तो जी पुस्तिका बनवतो तिचा खर्च म्हणाल तर दहा-पंधरा स्क्रीनशॉट आणि बोटानं ओढलेले लाल बाण. बोटाचा बाण सरळ येत नाही. खातेदार नोंदणीकडे निघालेला बाण वर सरकून बॅटरीच्या आकड्याला टेकतो आणि गावच्या व्हॉट्सॲप गटात पहिला प्रश्न येतो, ‘चार्जिंग एवढंच पाहिजे का?’ पुढे विभाग, जिल्हा, तालुका, गाव, मग चार आकडी संकेतांक, हंगाम, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख. इथवर सगळं ठीक. बांधावरची झाडं नोंदवायची वेळ आली की मात्र दोन भावांमधलं जुनं प्रकरण वर येतं: ती बाभूळ कुणाच्या बाजूची? याचं उत्तर कुठल्याच पुस्तिकेत नसतं. गावच्या पुस्तिकेत तर ते मुद्दाम नसतं.

अडचणी लिहून ठेवायची रीत मात्र जुनी आहे. बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९७१ साली युनिक्स या संगणकप्रणालीची पहिली मार्गदर्शिका काढली, तेव्हा तिच्यात दोषांसाठी ‘बग्ज’ असा वेगळा रकाना ठेवला होता. आपलं काय बिघडतं ते आपणच लिहून मोकळं व्हायचं. सरकारी कागदात असला रकाना सहसा नसतो. गावच्या पीडीएफमध्ये तोच सगळ्यात भरगच्च. दिवसा सर्व्हर अडकला तर पहाटे बघा. अकोले तालुक्याच्या डोंगरात रेंज नसेल तर माहिती भरून ठेवा, खाली आल्यावर अपलोड करा. फोटोत स्वतः उभे राहू नका, पीक दिसू द्या. हे शेवटचं वाक्य लिहायला अनुभव लागतो.

२०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत ॲपमध्येच ‘मदत’ हे बटण आलं. आत नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. सोय चांगलीच, पण ती वाचायला ॲप उघडावं लागतं, आणि मदत हवी असते ती ज्याचं ॲप उघडत नाही त्याला. याच आवृत्तीत नोंद दुरुस्त करायला ४८ तास मिळाले. पुस्तिका दुरुस्त करायला कुणी मुदत दिली नाही. चुकीचा बाण गटागटांतून फिरतच राहिला.

मग २०२४ मध्ये जिल्ह्याचंच नाव अहिल्यानगर झालं, म्हणजे पहिल्या दोन स्क्रीनशॉटमधला एक बाद. त्याच वर्षीच्या रब्बीला डिजिटल क्रॉप सर्व्हेचं नवं ॲप आलं आणि उरलेलेही बाद. आता फोटो शेतातूनच काढायचा. पारावर बसून कांदा नोंदवायचे दिवस गेले. पीकविमा, पीककर्ज, हमीभावाची खरेदी, सगळ्यांना हाच पीकपेरा लागतो, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचीही सोय नाही.

पुतण्या रात्री जागून नवे बाण काढतो, पीडीएफ गटात टाकतो. खाली अंगठ्यांची रांग लागते. सकाळी चुलत्याचा फोन.

‘पाठवलंस ते बघितलं. लई भारी झालंय.’

‘मग भरलं का, नाना?’

‘कुठलं भरतोय? तू गाडी काढ अन् बांधावर ये.’