टाळीनाना

जळगावात नव्या बंगल्याची वास्तुशांत असली की पाहुणे आधी ओटा बघतात, मग टाइल्स, मग वरण-बट्टीला किती वेळ आहे याचा अंदाज घेतात. टाळीनाना हॉलच्या मधोमध जाऊन फटकन टाळी वाजवतात. कान देऊन ऐकतात. मग यजमानाच्या खांद्यावर हात ठेवून, डॉक्टर वाईट रिपोर्ट सांगतात त्या आवाजात म्हणतात, "भाऊ, खोली वाजते हो तुमची."

असा एक माणूस आता गावोगाव सापडतो. धुळ्यात पाचव्या गल्लीत नानांचा जोडीदार आहे. दोघं रात्री फोनवर एकमेकांना आपापल्या खोलीतल्या टाळ्या ऐकवतात. काकूंना सुरुवातीला वाटलं, धुळ्याला भजनी मंडळ निघालं.

नानांचं दुखणं खरं आहे. गावाकडच्या धाब्याच्या घरात मातीच्या जाड भिंती, वर लाकडी सरे, कोपऱ्यात गोधड्यांचा ढीग. तिथे साधा रेडिओही गोड वाजायचा. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी भारी स्पीकर आणले आणि ठेवले कुठे, तर स्लॅब, काच आणि गुळगुळीत फरशीच्या खोलीत. आवाज असा, की स्टीलच्या डब्यात कुणी भुईमुगाच्या शेंगा हलवतंय. त्यात खोली बारा बाय बारा. वास्तुवाल्याने चौरस शुभ सांगितलं होतं, आणि आवाजाला चौरसाइतकं अशुभ काही नाही! लांबी-रुंदी सारखी असली की दोन्हीकडून एकच सूर अडकतो, बारा फुटांना साधारण 47 हर्ट्झचा. हा बेस भिंतीपाशी गुरगुरतो आणि खोलीच्या मध्यावर नेमका गायब होतो. नानांचा सोफा मध्यावर होता. तो त्यांनी सरकवला. तेव्हापासून स्वयंपाकघरात जायला सोफ्यावरून चढून जावं लागतं.

पहिला उपाय अंड्यांच्या ट्रेचा. घर माळकरी. नानांच्या मायने दोन दिवस त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही, आणि शेजाऱ्यांनी मला विचारलं, नानांनी पोल्ट्री काढली का? एवढी अब्रू जाऊनही फायदा शून्य, कारण कागदी ट्रे वरचा किणकिणाट जरासा खातात, बेसला त्यांचा पत्ताही लागत नाही.

मग आरसा आला. नाना सोफ्यावर, काकू भिंतीला आरसा टेकवून इंच-इंच पुढे. आरशात ज्या जागी स्पीकर दिसेल तिथूनच आवाज भिंतीवर आपटून कानाशी येतो. तिथे आवाज पिणारा पडदा हवा. युक्ती शंभर नंबरी आहे. पण खिडकीतून बघणाऱ्याला एवढंच दिसतं, की साठीचा गृहस्थ बसलाय आणि बायको त्याला त्याचं तोंड दाखवतेय.

बेससाठी मात्र जाडजूड काहीतरी कोपऱ्यात लागतं. लोक त्यासाठी ग्लासवूल, रॉकवूल वापरतात. "कपाशीच्या जिल्ह्यात राहून काच कशाला आणू?" म्हणत नानांनी गादीवाला गाठला.

"सिंगल का डबल?"

"उभी. सात फूट उंच, दीड फूट जाड. कोपऱ्यात ठेवायची."

"झोपणार कोण?"

"बेस."

गादीवाल्याला ते पाहुण्याचं नाव वाटलं. "वजनाने भारी आहेत का?" त्याने विचारलं. नाना म्हणाले, "फार."

मग त्याला बसवून त्यांनी हार्वर्डच्या सबाईनची गोष्ट सांगितली. 1895 साली या प्राध्यापकाकडे एका व्याख्यानगृहाचा घुमारा घालवायचं काम आलं, तर हा बाबा रात्री जवळच्या थिएटरच्या गाद्या उचलून आणायचा, मोजमाप करायचा आणि उजाडायच्या आत परत ठेवायचा. "आणि मी तर रोख पैसे देतोय," नाना म्हणाले. गादीवाल्याने ॲडव्हान्स थोडा जास्त मागितला.

चार कोपऱ्यांत चार गाद्या उभ्या राहिल्या तेव्हा माय म्हणाली, "हाई घर शे का गादीनं दुकान?" आवाज मात्र सुधारला. माझ्या कानांनाही कळला, आणि माझे कान मिक्सर आणि तबला यांत फार भेद करत नाहीत. अडचण एकच: जळगावचा मे, पारा पंचेचाळीसवर, आणि कूलरची घरघर नानांना चालत नाही. गाणं ऐकायचं ते कूलर बंद करून, दारं लावून, कापसाच्या गाद्यांमध्ये. नानांना विचाराल तर गावातलं सर्वांत निर्दोष सभागृह बालगंधर्व खुलं नाट्यगृह. भिंतीच नाहीत, मग आदळणार कशावर!

परवा पुतणीचं लग्न झालं. एरवी पाहुणे आले की टाळी बिघडते म्हणून तोंड पाडणारे नाना. या वेळी त्या खोलीत एकवीस माणसं, गोधड्या, उशा, साड्यांची बोचकी. नानांनी सवयीने टाळी वाजवली आणि जागीच थिजले. टाळी पडली ती पडलीच, परत आलीच नाही. त्यांनी हळूच गाणं लावलं. डोळ्यांत पाणी.

सकाळी भुसावळच्या मामी बॅग भरायला लागल्या, तर नाना बॅग धरून बसले. "आठ दिवस तरी राहा. आणि गोधड्या घडी करू नका."

मामी अजून सगळ्यांना सांगतात, नानांसारखा मायाळू माणूस खानदेशात नाही.